भरवशाच्या गॅरेजचा शोध

२ जानेवारी २०२१, शनिवार
नववर्षाचा संकल्प: भरवशाचं गॅरेज शोधणे. वजनाचं नंतर बघू.
सुचेताला नोकरी लागली. कोविड टेस्टिंगची लॅब, आमच्या आइंडहोवनपासून चाळीस किलोमीटर, १ फेब्रुवारीपासून. शिफ्ट साडेसहाला, पहिली बस पोचते पावणेआठला. म्हणजे गाडी लागणारच, आणि रोज सोडायला मी. पुण्यात लॅब चालवायची बाई माझ्यामागून इथे आली आणि चार वर्षं घरी बसली. पहिला महिना ट्रायल आहे, उशीर खपवून घेत नाहीत म्हणे.
गाडी चौदा वर्षांची, पण ऑक्टोबरात मी स्वतः पारखून घेतली आहे. थंडीत जरा कुरकुरते. बायकोला म्हटलं, गाडीचं डिपार्टमेंट माझं, तू निश्चिंत राहा. तिनं विचारलं, नक्की ना. हे विचारायची गरज नव्हती.

५ जानेवारी, मंगळवार
एक्सेल शीट तयार. एकवीस गॅरेजेस, चौदा कॉलम, शेवटी 'ट्रस्ट इंडेक्स'. वर्क फ्रॉम होम असल्यामुळे ऑफिसच्या मीटिंगमध्येच उरकलं.
श्यामकांतना फोन केला. आमच्या मराठी ग्रुपचे अ‍ॅडमिन, इथे अकरा वर्षं. स्वतःकडे गाडी नाही, पण अभ्यास दांडगा. म्हणाले, सगळे गॅरेजवाले नसती कामं काढतात आणि चांगले पार्ट काढून घेतात. मला हे ठाऊकच होतं. पुण्यात मी मेकॅनिकशेजारी स्टूल टाकून बसायचो, बॉनेट बंद होईपर्यंत हलायचो नाही. तेच इथे करायचं.

१३ जानेवारी, बुधवार
गाडीच्या वार्षिक तपासणीची मुदत महिनाअखेर संपते आहे. सुचेतानं परस्पर विम नावाच्या माणसाकडे उद्याची अपॉइंटमेंट घेतली. माझ्या इंडेक्समध्ये विम एकोणिसावा.
शिवाय कोरोनामुळे गिऱ्हाइकाला आत प्रवेश नाही. किल्ली पाकिटात घालून दाराच्या फटीतून टाकायची आणि घरी जायचं. घरी!
उपाय सापडला. सुचेताचं गुलाबी नेलपॉलिश घेऊन बॅटरी आणि चारही टायरवर खुणा केल्या. स्पार्क प्लगवरही करणार होतो, पण ते कुठे असतात ते दिसलं नाही.

१४ जानेवारी, गुरुवार
संक्रांत. समोरच्या फुटपाथवर पावसात दोन तास उभा राहिलो. विम बाहेर आला, कुणाची वाट बघताय का म्हणाला. मी म्हटलं, बसची. तो म्हणाला, या रस्त्यानं बस जात नाही. मग माझ्यासाठी कॉफीचा कप कट्ट्यावर ठेवून लांब उभा राहिला.
गाडी पास. ब्रेक अजून वर्षभर चालतील, टायर उत्तम, फक्त बॅटरी म्हातारी झाली आहे, कडाक्याची थंडी पडायच्या आत बदला, असं त्याचं म्हणणं.
पहिल्या फटक्यात पास? काम नको म्हणणारा गॅरेजवाला मी जन्मात पाहिलेला नाही. नक्की काहीतरी लपवतोय. बॅटरीला साफ नकार दिला.

२३ जानेवारी, शनिवार
आजपासून रात्री नऊनंतर कर्फ्यू. सेकंड ओपिनियनसाठी चार गॅरेजना फोन केले. चौघंही म्हणाले, बॅटरी. इतकं एकमत म्हणजे यांचं आपसात संगनमत असणार. श्यामकांतच्या मते दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा. शीटमध्ये तीन कॉलम वाढवले.
सुचेता म्हणाली, बदलून टाक ना. म्हटलं, घाईत निर्णय घेत नाही.

१ फेब्रुवारी, सोमवार
५.२५. गाडी सुरू झाली. सुचेता वेळेवर पोचली. बॅटरीवाल्यांना फोन करून कळवावं असं वाटलं.

९ फेब्रुवारी, मंगळवार
उणे दहा. किल्ली फिरवली, टक्. फक्त टक्.
सुचेता बसनं गेली. सव्वा तास उशीर. दोष हवामानाचा, गाडीचा नाही. श्यामकांतना मेसेज केला, त्यांनी कमळाचं चित्र आणि सुप्रभात पाठवलं.

१० फेब्रुवारी, बुधवार
टक्. दुसऱ्यांदा उशीर.
संध्याकाळी शेजाऱ्याच्या बॅटरीला केबल जोडून गाडी चालू केली आणि हायवेवर तासभर पळवली. बॅटरी चार्ज होते, इति श्यामकांत. कर्फ्यूच्या आत घरी. उद्याची शंभर टक्के खात्री.

११ फेब्रुवारी, गुरुवार
टक्‌सुद्धा नाही.
सुचेता घड्याळ बघून गाडीतून उतरली. मफलर गुंडाळून स्टॉपकडे चालायला लागली. रडली असती तर समजूत तरी काढता आली असती. घसरू नको, असं मागून ओरडलो.
संध्याकाळी म्हणाली, सुपरवायझरनं बोलावलं होतं. आणखी एकदा उशीर झाला तर येऊ नका म्हणाली. मी शीट उघडून दाखवायला लागलो. तिनं लॅपटॉप बंद केला, हळूच.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार
ती सुपरवायझरच्या गाडीतून गेली. कधी ठरवलं, मला कळलं नाही.

१३ फेब्रुवारी, शनिवार
सुचेतानं विमला फोन केला. तो व्हॅन घेऊन आला, रस्त्यातच बॅटरी बदलली. पंधरा मिनिटं. मी दीड मीटरवर उभा. जुन्या बॅटरीवर माझी गुलाबी खूण शाबूत होती. विम म्हणाला, जानेवारीत ती पुसणार होतो, पण तुमचं काही धार्मिक असेल म्हणून हात लावला नाही.
सुचेता हसली. या आठवड्यात पहिल्यांदाच.

१४ फेब्रुवारी, रविवार
सुचेता बॅग भरते आहे. लॅबजवळ एका सहकारी बाईच्या घरी वरची खोली घेतली. सोमवार ते शुक्रवार तिथेच राहणार. गुरुवारीच ठरवलं म्हणे. मी म्हटलं, अगं, गाडी आता ठणठणीत आहे. म्हणाली, माहीत आहे.
सोडायला येतो म्हटलं. सुपरवायझर नेणार आहे.

१५ फेब्रुवारी, सोमवार
पाचला उठलो. सवय. खाली जाऊन किल्ली फिरवली. एका फटक्यात सुरू. हीटर लावून बसलो.
सहाला सुचेताला फोन केला. शुक्रवारी घ्यायला येतो म्हटलं. ती म्हणाली, नको, ट्रेननं येते, म्हणजे पोचायची वेळ नक्की सांगता येते.
बरं म्हटलं. गाडी चालूच होती.