चार फुटी मूर्तीचा उजवा डोळा

मंगळवार, संध्याकाळ. रामवाडी, पेण.

ती रेघ अजून नजरेपुढून हलत नाही. डोळ्यापासून थेट सोंडेपर्यंत! आणि गेली माझ्याच हातून.

पाठीच्या कण्याला मार बसून पाय गेले, तेव्हापासून कारखान्यात खुर्चीवर बसून लहान गणपतींचेच डोळे आखतेय. चार फुटी मूर्तीला उभं राहावं लागतं. आज मोटरचे पाय, म्हणजे उभं करून चालवणारं मशीन, कमरेपासून खाली बांधून राहिले उभी. एका हातात कुबडी, दुसऱ्यात ब्रश. ते वापरायला शिकवणाऱ्या फिजिओ मॅडमनी दहादा बजावलं होतं, पुढे झुकलीस की मशीन पाऊल टाकणार. पण डोळा आखताना झुकत नाही असा पेणमध्ये एक तरी माणूस दाखवा! झुकले. मोटर घुरघुरली, गुडघा पाटावर आपटला, ब्रश सोंडेवर.

आमचे मालक भाऊकाका हळूच म्हणाले, "तू बसून लहान मूर्ती कर गो. कोण काय बोलणार नाय."

कोणी काही बोलणार नाही, हेच तर नकोय मला!

म्हटलं, "काका, मूर्ती माझ्याकडं सरकवा. अजून जवळ." रेघ पुसली. ताठ उभी राहून नुसतं मनगट फिरवलं. मोटर गप्प. डावा डोळा झाला, आणि झकास झाला. मग कुबडीवरचा खांदा भरून आला, म्हणून थांबले.

"उजवा मी करून टाकतो," काका म्हणाले.

मी ब्रश धुतला, माझ्या डब्यात ठेवला, आणि निघताना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून आले, "त्या डोळ्याला कोणी हात लावायचा नाय. उद्या मी उभी राहणार हाय."