थोरला आला की मेला

प्रिय ताई,

तुला साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे अर्धाच घातला आहे, उरलेला मनातल्या मनात पुरा केला). भावोजींनाही सांग. तुझी कंबर आता कशी आहे? जिना उतरताना कठड्याला धरतेस ना, की अजूनही सोळा वर्षांची असल्यासारखी धडधडत येतेस? भावोजींचा खोकला गेला की मुक्काम वाढवलाय? इकडे आम्ही दोघं मजेत. म्हणजे तुझी भावजय मजेत आहे, आणि मी मजेत राहावं म्हणून ती जे जे करते त्याला मजा म्हणायचं असेल तर मीही मजेत.

तुला आमच्या सिनेमामंडळाबद्दल सांगायचं आहे. मंडळ म्हणजे आम्ही चार माणसं. समोरच्या गल्लीतला शिंपी, भूगोलाचे निवृत्त मास्तर, मी आणि तुझी भावजय. रविवारी दुपारी शिंप्याच्या कामाच्या खोलीत जमायचं, कापायचं टेबल भिंतीला सारायचं, अस्तराचं पांढरं कापड दोन खिळ्यांना ताणायचं आणि त्याच्यावर जुना सिनेमा पाहायचा. सिनेमा दाखवायचं यंत्र शिंप्याच्या सुनेनं दिलंय. आपल्या तरुणपणी जे सिनेमे आपण तिकीट न मिळाल्यामुळे बाहेरच्या फलकावरच पाहिले, ते आता आम्ही आतून पाहतो. पाहून झाला की प्रत्येकानं आपलं मत द्यायचं. मतं मात्र ज्याच्या त्याच्या धंद्यावर जातात. नायिका पुलावरून उडी मारते तेव्हा शिंपी म्हणतो, ‘बाही कशी बसवलीय बघा, हात वर केला तरी चोळामोळा नाही.’ मास्तर म्हणतात की सकाळची गाडी आहे तर ऊन उजव्या खिडकीतून कसं, म्हणजे हा नायक शहराकडे जात नसून परत घरीच चाललाय. तुझी भावजय सगळं ऐकून घेते आणि शेवटी, ‘मला त्या म्हातारीचं वाईट वाटलं,’ एवढंच म्हणते. बहुतेक वेळा तेच बरोबर असतं, पण तिला हे सांगत नाहीत.

माझं मत आवाजावर. ते साहजिकच. आयुष्यभर वाद्यांचे सूर लावण्यात गेलं. बाजारात मला ‘कानवाले’ म्हणायचे हे तुला आठवत असेल (तू म्हणायचीस तो वेगळा प्राणी, तो विषय काढू नकोस). त्यामुळे गेल्या वर्षभरात माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती, की जुन्या सिनेमांचा आवाज पार खराब झालाय. फिती जुन्या, त्याला कोण काय करणार. शिवाय हल्ली माणसंही तोंडातल्या तोंडात बोलायला लागली आहेत. दुकानदार, बसवाले, डॉक्टर, सगळेच. मी मास्तरांना म्हणालो की पूर्वी लोक कसं स्वच्छ बोलायचे! मास्तर काहीतरी म्हणाले. तेही तोंडातल्या तोंडात.

तर मागच्या महिन्यात आम्ही एक सिनेमा पाहिला. लाकडाच्या वखारीवाल्या घरातली गोष्ट. थोरला मुलगा रागानं घर सोडून बोटीवर गेलेला, धाकटा वखार सांभाळतोय, आई दिवसभर खिडकीशी. एका वादळी संध्याकाळी दार वाजतं, आई दार उघडते आणि ओरडते, ‘मेला गं, माझा थोरला मेला!’ आणि ढसाढसा रडायला लागते. पाठोपाठ थोरला, ओलाचिंब, आत येतो.

ताई, माझ्या अंगावर काटा आला. काय धाडस! मेलेला मुलगा घरात येतो आणि कोणी दचकत नाही, किंकाळी नाही, धूर नाही. जेवायच्या टेबलाशी तो बसलेला असतो, पण धाकटा त्याच्याकडे बघत नाही. बहीण त्याच्यापुढे ताट ठेवत नाही. फक्त आई अधूनमधून त्या खुर्चीकडे बघते आणि डोळे पुसते. आणि काही दिवसांनी, शेवटी, एका पहाटे तो उठून निघून जातो, आणि आई त्याचा कोट पोटाशी धरून दारात उभी राहते. मी तिथे शिंप्याच्या स्टुलावर बसून रडलो. उगाच कशाला लपवू?

मतं द्यायची वेळ आली तेव्हा मी सगळ्यांच्या आधी उठून म्हणालो, की एवढी संयमी भुताची गोष्ट मी जन्मात पाहिली नाही. शिंपी सावकाश म्हणाला, ‘तरीच! सगळे दिवस तोच कोट, आणि कोपराला एक घडी नाही. जिवंत माणसाच्या कोटाला घडी पडतेच.’ मास्तर म्हणाले, ‘पण धाकटा त्याच्या थोबाडीत मारतो त्याचं काय? हात आरपार जायला नको?’ मी म्हणालो, ‘त्या काळी तेवढी सोय नव्हती, मास्तर.’ हे त्यांना पटलं. मग त्यांनाच आठवलं की जिन्यात त्याची सावली पडलेली नव्हती. तासभर आम्ही तिघं अशा रंगात आलो, की त्या दिग्दर्शकालाही आपण काय करून ठेवलंय ते पहिल्यांदा कळलं असतं.

तेवढ्यात तुझी भावजय म्हणाली, ‘अहो, पण तो मेला कधी?’

मी म्हणालो, ‘आई ओरडते की!’

‘ती “आला” म्हणते,’ ती म्हणाली. ‘माझा थोरला आला.’

शिंप्यानं सिनेमा मागे नेला. आईनं दार उघडलं आणि ओरडली, ‘मेला.’ मी हात वर केला, झालं ना? शिंप्यानं पुन्हा लावलं. पुन्हा मेला. मी म्हणालो आवाज वाढव, त्यानं वाढवला, इतका की शेजारच्यानं भिंतीवर थापा मारल्या म्हणे (मला त्या ऐकू आल्या नाहीत, मास्तरांनी भिंतीकडे बघितलं म्हणून कळलं). आई ओरडली, मेला. मी तिघांच्या तोंडाकडे बघितलं. ताई, कोणी हसलं असतं तर मी तावातावानं भांडलो असतो, तुला माझा स्वभाव माहीत आहे. पण कोणी हसलं नाही. शिंपी पायाशी पडलेल्या चिंध्या गोळा करायला लागला. मास्तरांनी चष्मा पुसायला काढला. तेव्हा मला कळलं.

घरी येताना फाटकापाशी मी विचारलं, ‘तुला माहीत होतं?’ ती म्हणाली, ‘वर्ष झालं.’ वर्षभर ती माझ्या डाव्या बाजूनं चालत होती, कारण उजवा कान अगदीच गेलेला. मी समजत होतो प्रेमानं. (तेही होतंच म्हणा.) दाराची घंटा वाजली की ती दिवाणखान्यातून मुद्दाम मला दिसेलशी उठायची. आणि तुझा फोन आला की, ‘ते आंघोळीला गेलेत.’ ताई, तू एकदा तिला विचारलंस ना, की हा माणूस दिवसातून किती वेळा आंघोळ करतो? तिनं उत्तर दिलं, ‘उकडतं त्यांना.’ त्या दिवशी इकडे खिडक्यांची तावदानं थंडीनं धुकटली होती.

मी तुझ्याशी बोलायचं टाळत नव्हतो गं. मला वाटायचं तूही तोंडातल्या तोंडात बोलायला लागलीस, म्हातारी झालीस, आणि ते मला ऐकवत नव्हतं.

मग कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पोरीच्या वयाची आहे. मला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला डबे लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. इतक्या वर्षांचा अनुभव, म्हटलं दाखवूच. छान लय धरून दाबत राहिलो. काचेपलीकडून ती हातवारे करायला लागली, शेवटी दार उघडून आत आली आणि माझ्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, ‘काका, मी अजून सुरू केलेलं नाही.’

आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत, शेंगदाण्याएवढी. पहिल्या दिवशी वर्तमानपत्र उलगडलं तर घरात आग लागली असं वाटून मी उठून उभा राहिलो. माझ्या चपला फार बोलतात. आणि तुझी भावजय कपडे वाळत घालताना गुणगुणते, हे मी विसरूनच गेलो होतो. पाव सूर उतरलेला असतो. मी तिला ते सांगितलं (सवय, दुसरं काय). ती म्हणाली, ‘उतरलेला असू दे. ऐकू येतोय ना?’ आणि चिमटे लावत पुढची ओळ जरा मोठ्यानं म्हणाली.

यंत्रं लावून मी मंडळात गेलो. सिनेमा पाहिला, प्रत्येक शब्द ऐकला आणि मला फार वाईट वाटलं. संवाद अगदी सुमार गं! वर्षभर जे सुंदर संवाद मी ऐकत होतो ते माझेच होते, हे आत्ता कळतंय. नायक म्हणतो, ‘मी उद्या येतो.’ एवढंच! मध्यंतरानंतर मास्तर घोरतात हेही कळलं. त्यांची मतं इतकी ठाम कशी असतात, त्याचा उलगडा झाला.

असो. जिना जपून उतर. भावोजींना म्हणावं, खोकला आता मला इथपर्यंत ऐकू येतो.

तुझा धाकटा,
कानवाला

ता. क. : मंडळात वखारीच्या सिनेमावरून अजून फूट आहे. शिंपी आणि मी भूत म्हणतो, मास्तर आणि तुझी भावजय जिवंत म्हणतात. हा सिनेमा तू लग्नाआधी मैत्रिणींबरोबर पाहिला होतास. तेव्हा तुझं मत लेखी कळव, मंडळात वाचून दाखवणार आहे. खरं सांगायचं तर हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, बाकीचं आपोआप आलं. आई काय ओरडते ते मला आता स्वच्छ ऐकू येतं, त्यामुळे त्याबद्दल लिहू नकोस.

ता. क. २ : वन्सं, पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचलं. ह्यांना पोस्टात पाठवण्याऐवजी मीच जाते. ती ‘आला’ म्हणते यात काही शंका नाही. पण परवा दुपारी घरी कोणी नसताना मी शिंप्याच्या सुनेकडून यंत्र मागून आणलं आणि तो सिनेमा एकटीनं पुन्हा लावला, ह्यांच्या मनातली गोष्ट धरून, थोरला गेलेलाच आहे असं समजून. ती आई रिकाम्या खुर्चीकडे बघते ना, तिथे मला पुढचं बघवेना. तुम्ही भूत म्हणूनच कळवा. मी मंडळात त्यांच्याविरुद्ध बोलेन, पण ते ऐकायला त्यांना आवडतं.