न तापवलेल्या दुधाविषयी

॥ श्री ॥
रविवार, दि. ९ नोव्हेंबर

जी कृपा दुधाला विरजते आणि विरजणाला नासू देत नाही, तिला प्रथम वंदन. तिच्यावाचून तुझा चीजचा कारखाना म्हणजे नुसती पत्र्याची पिंपे.

चि. धाकट्यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. इकडे सर्व ठीक. तुझे भावोजी सध्या घरी नाहीत, त्यामुळे चहा एकटीच घेते. गुडघे कुरकुरतात, पोथी मात्र चुकत नाही.

तू लिहितोस, "ताई, सूनबाई तुझा शब्द मोडणार नाही. चीज खाऊन लोक आजारी पडले ती चूक तिच्या प्रयोगशाळेची होती, एवढ्या कागदावर तिला सही करायला सांग. घराण्याचे नाव राहील." घराण्याचे! बुडणारा माणूस आप्तांचे पाय धरतो, हे ठाऊक होते. त्यांना खाली ओढून त्यांच्याच खांद्यावर उभा राहतो, हे तुझ्याकडून शिकले.

तुझी सूनबाई माझ्याकडेच आहे. झाले काय ते मी तिला विचारले. तू कधी विचारले नसशील. दूध आंबवणाऱ्या जंतूंपैकी काही जण प्रथिनाचे बारीक तुकडे सोडतात. बॅक्टेरिओसिन म्हणतात त्यांना. थंड कपाटातही वाढणारा एक घातक जंतू त्यांनी आवरतो. म्हणून दूध नीट तापवून झाल्यावर, वरची राखण म्हणून, ती त्यांचा अर्क चीजमध्ये घालीत असे. औषधांना न जुमानणाऱ्या काही रोगांसाठीही डॉक्टर मंडळी त्यांच्याकडे आशेने पाहतात म्हणे. विद्या सोन्यासारखी; पडली मात्र तुझ्या हाती.

ती असेही म्हणाली, की हे तुकडे बहुधा जवळच्या गोतावळ्यालाच मारतात, आणि सोडणाऱ्या जंतूने स्वतःच्या बचावाची सोय आधीच करून ठेवलेली असते. ऐकताना मला तुझी आठवण आली.

तुला राखणदार मिळाला, तर तू दारच काढून टाकलेस. दूध तापवणेच बंद केलेस! सूनबाईने सर्वांसमक्ष बजावले होते, "बाबा, काही जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं. त्यांच्यापुढे या अर्काचं एकट्याचं काही चालत नाही. त्यांना उष्णताच लागते." आणि तुझे उत्तर? "तू तुझ्या नळ्या धू. धंदा मला शिकवू नकोस." मुकादम हसला म्हणे. हसेल नाही तर काय करील? मालक हसला की हसायचे, याचाच त्याला पगार. शास्त्रकारांनी मूर्खांचे अनेक प्रकार सांगितले आहेत. शहाणी सून पदरी असून जो ऐकत नाही, तो प्रकार लिहिण्याची त्यांना लाज वाटली असावी.

आता भावोजींविषयी. लिहिणार नव्हते.

तू पाठवलेला चीजचा डबा त्यांनी मोठ्या कौतुकाने उघडला. वर सोनेरी अक्षरांत 'नैसर्गिक' असे लिहिलेले. मला दुधाचे सोसत नाही, म्हणून मी बचावले. "धाकट्यानं आठवणीनं पाठवलंय, नाही कसं म्हणू?" असे म्हणत त्यांनी पुन्हा वाढून घेतले. आज ते रुग्णालयात आहेत. तसल्याच एका आवरणवाल्या जंतूच्या विषाने मूत्रपिंडांनी हात टेकले आहेत; रक्त यंत्रातून शुद्ध करून परत अंगात सोडावे लागते. उशाशी सूनबाई बसते, तीच, जिला तू दोषी ठरवतो आहेस. काल जरा शुद्ध आली तर मला म्हणाले, "धाकट्याला कळवू नकोस हं. उगाच जिवाला लावून घेईल." मी त्यांचे पांघरूण सारखे केले. इतक्या भल्या माणसासमोर तुझ्याविषयी काय बोलावे?

सूनबाई सही करणार नाही. करते म्हणाली होती, "आत्याबाई, घरात भांडण नको," असे. मी तिच्या हातून लेखणी काढून घेतली.

अन्न-निरीक्षक काल येऊन गेले. फ्रीजमधला उरलेला तुकडा मी त्यांच्या स्वाधीन केला. आणि तुझे फोनवरचे बोलणेही सांगितले. विसरलास? "ताई, बॉयलर बंद करून टाकला! सुनेचे जंतू फुकटात राबतात, आणि कच्च्या दुधाचं म्हटलं की लोक रांग लावतात." तू बोललास तसेच, तुझ्या हसण्यासकट सांगितले. बढाई मारायला बहीण बरी वाटते. पण बहिणीला कान असतात, बाळा. निरीक्षकांनी सारे लिहून घेतले. तुला घरातल्या बाईची सही हवी होती ना? झाली. माझी.

भावोजींना भेटायला ये. वकिलाला सोबत आणू नकोस. त्यांना तू हवा आहेस, मला नाही.

हे पत्र तू वकिलाला दाखवशील, तो कारकुनाला देईल, कदाचित न्यायासनापर्यंतही जाईल. जो जो वाचील त्याच्या ताटातले अन्न निर्मळ असो, त्याच्या घरच्या लेकीसुनांचा शब्द वेळेवर ऐकला जावो, आणि आपले पाप दुसऱ्याच्या माथी मारण्याची बुद्धी त्याला कधी न होवो.

साक्षीदार, आणि दुर्दैवाने अजूनही तुझीच,
ताई