निर्णय क्रमांक एक

३ मार्च, सोमवार
ऑफिसात रक्त. मोरागने रेवीला कप फेकून मारला. कान थोडक्यात वाचला, फुटका तुकडा मानेत घुसला. वाद असा : गुरांच्या वाड्यातलं फाटक आपलं सॉफ्टवेअर चालवतं, सेन्सर गेला तर फाटकाने काय करायचं? दोघंही म्हणतात, हे मागेच ठरलंय. दोघांचं ठरलेलं वेगळं. आजपासून टीमचा प्रत्येक निर्णय कॉम्प्युटरवरच्या यादीत. यादी मी ठेवणार. भांडणं संपली.

५ मार्च
निर्णय क्रमांक एक : सेन्सर गेला, तर फाटक जिथल्या तिथे थांबेल. एक ओळ. सुंदर. रेवी म्हणाला, कारणही लिही. गेल्या वर्षी चुलत्याकडे फाटक आपोआप बंद झालं आणि कुत्र्याचं कंबरडं मोडलं. म्हटलं, यादीत गोष्टी नकोत. तो म्हणाला, नेव्हिल, गोष्ट नव्हे रे, कुत्रा होता तो.

११ मार्च
गोर गावाहून गिऱ्हाईक स्टुअर्टचा फोन. उघड्या फाटकातून बैल हायवेवर गेला, ट्रकखाली चिरडला. अर्धा तास शिव्या. सेन्सर गेला की फाटक बंद झालंच पाहिजे. कबूल केलं. कोड मीच बदलला. यादीत 'थांबेल' पुसून 'बंद होईल' केलं. मोराग ओरडली, जुना निर्णय पुसतात का गाढवा, खाली नवा लिहायचा, म्हणजे बदललाय हे दिसतं. निदान रेवीला तरी कळव. रेवी मावशीच्या तांगीला, म्हणजे माओरी अंत्यविधीला गेलाय, तीन दिवस मयताजवळ बसणार. अशा वेळी फोन बरा नव्हे. यादी आहेच.

१४ मार्च
रेवी तांगीहून परस्पर गोरला चाचणीला गेला. यादी उघडली नाही. निर्णय त्याला पाठ होता. फाटकात उभं राहून सेन्सरची वायर काढली. चार फासळ्या, डावा खांदा. स्टुअर्टच्या माणसांनी पहारीने फाटक उचकटलं. शिस्तीचा प्रश्न आहे. सोमवारपासून रोज सकाळी यादीचं वाचन, सक्तीने.

१५ मार्च, दुपार
गैरसमज नको म्हणून हॉस्पिटलात यादीची प्रिंट नेली. रेवीच्या छातीत नळी. त्याचा भाऊ तामा याने प्रिंट शांतपणे वाचली, घडी करून माझ्या खिशात ठेवली, मग नाकावर ठोसा मारला. हाड मोडलं. नर्स म्हणाली, बरं झालं, इथेच होतात. दुःखात माणूस असं करतो.

१८ मार्च
सरकारी तपासनीस आल्या. विचारलं, बदल कोणी ठरवला? टीमने, म्हणालो. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. पुसलेलं सगळं कॉम्प्युटरने जपून ठेवलं होतं : ११ मार्च, चार वाजून दहा मिनिटं. आधी 'थांबेल', मग 'बंद होईल'. शेजारी एकच नाव. समजावून सांगितलं, टीमचा प्रमुख मी, तेव्हा नाव माझंच येणार.
त्यांनी ते शब्दशः लिहून घेतलं आणि खाली माझी सही मागितली.