वहीतली शून्यं

प्रिय ढब्बू,

तुला टक्कल पडलं तरी मी तुला ढब्बूच म्हणणार, तेव्हा कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. तेही सांगते, पण माझ्या पद्धतीनं. शिवणारी बाई आधी कच्चे टाके घालते, मग शिलाई मारते.

रक्तदाबाच्या गोळीच्या त्या अभ्यासात मी नाव घातलं, तेव्हा तू दोन रविवार माझ्याशी धड बोलला नाहीस. या वयात अंगावर प्रयोग कशाला, हे तुझं म्हणणं. अरे, आजवर पंचाहत्तरीच्या पुढच्यांना हे अभ्यासवाले दारातूनच परत पाठवायचे. गोळ्या मात्र सगळ्यांत जास्त आम्हीच गिळायच्या. माप तरुणाचं घ्यायचं आणि कोट म्हाताऱ्याला चढवायचा, हे चाळीस वर्षं कात्री चालवलेल्या बाईला कसं पटावं? एकोणऐंशीव्या वर्षी कुणीतरी माझं माप घेतंय, याचा मला अगदी मनापासून आनंद आहे.

व्यवस्थाही चोख आहे. संमतीचा कागद टपोऱ्या अक्षरांत होता, तरी नर्सनं तो दोनदा वाचून दाखवला, नको वाटलं तर कधीही सोडा म्हणाली. न्यायला-आणायला गाडी येते. दवाखान्यात बाकावर माझ्याशेजारी याच अभ्यासातले एक निवृत्त पोस्टमन असतात. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे बोलायचं सगळं काम तेच करतात.

घरी एक वही दिलीय. गरगरलं का, तोल गेला का, पडलात का, रोज लिहायचं. सहा आठवडे मी नुसती शून्यं भरत गेले. मागच्या मंगळवारी रक्तदाब घ्यायला नर्सनं माझी बाही वर सारली, कोपरावरचा काळानिळा डाग पाहिला आणि वही पुन्हा उघडली. मी सगळा दोष दाराला दिला. ती रागावली नाही. खुर्ची जवळ ओढून म्हणाली, “आजी, तुम्ही शून्य लिहिलंत तर गोळी पास होईल. मग तुमच्यासारखीच कुणी आजी ती घेईल आणि पडेल.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच बसून खरं लिहिलं. जुनं शून्य एकाच रेघेनं खोडायचं, ते दिसत राहिलं पाहिजे आणि शेजारी सही करायची, असा तिथला नियम. तीनदा पडले होते: न्हाणीघरात, शिलाई मशीनवरून उठताना आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. ते पाहून पोस्टमननी मान खाली घालून स्वतःची वही परत मागून घेतली. डॉक्टरांनी माझी गोळी निम्मी केली. आठ दिवस झाले, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. काल मशीनवर सलग दोन तास बसले.

तू दर रविवारी विचारतोस, पडली नाहीस ना, आणि मी ठणठणीत आहे म्हणते. भीती वाटते रे. पडले म्हटलं की तू माझं बिऱ्हाड उचलून तुझ्याकडे नेशील आणि माझं मशीन जाईल भंगारात. फोनवर तुझा आवाज कापरा झाला की मी पुन्हा ठणठणीतच म्हणते, म्हणून हे पत्र. नर्सच्या वहीतली शून्यं खोडली, तुला सांगितलेली राहिली होती. तीही आज खोडली, खाली सही करते. रविवारी विचार, खरं तेच सांगेन. फक्त ऐकून घे, लगेच माझं सामान बांधू नकोस.

तुझीच,
तीनदा पडून तीनदा उठलेली आई