पश्चात्तापाचं बटण

तीर्थस्वरूप एदुविहेस मावशी,

आधी तुझ्या दोन्ही गालांचे मुके, मग वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मागाची डावी पट्टी (जी बांधून देतो म्हणालो आणि निघून आलो) अजून करकरते का? मी मजेत. रोसारियोत एका सायकलवाल्याच्या माळ्यावर राहतो. दुपारी सगळे झोपले की पाराना नदी इतकी हळू वाहते, की ती जागेवर आहे आणि आपला माळाच कुठेतरी चाललाय असं वाटतं.

तू विचारलंयस, फाउस्तीनो काकांचा खांद्यावर घ्यायचा लाल लोकरी पोंचो कुठे आहे, मृतांच्या दिवशी त्यांच्या ताटाखाली तोच अंथरायचाय. सांगतो. पण आधी बटणाचं सांगायला हवं.

तू विणलेल्या पोंचोंचं दुकान मी इंटरनेटवर मांडलं आणि पंधरा दिवसांत ग्राहक कचेरीचं पत्र आलं : तुमच्या पानावर पश्चात्तापाचं बटण नाही. मला वाटलं, पत्र चुकून चर्चमधून आलं. कचेरीत गेलो. खिडकीत सुलेमाबाई नळीनं माते चहा ओढत बसलेल्या. म्हणाल्या, "पोरा, माल हातात पडल्यापासून दहा दिवस माणसाला पस्तावता आलं पाहिजे. बटण पहिल्याच पानावर, ठळक. कारण विचारायचं नाही. आणि चोवीस तासांत नोंदीचा क्रमांक द्यायचा."

"आणि अकराव्या दिवशी?"

"अकराव्यापासून सगळे पस्तावतातच. त्यात कचेरी पडत नाही."

मी बटण केलं, डाळिंबाएवढं लाल. फक्त गिऱ्हाइकांसाठी, हे लिहायचं राहिलं (खिडकीबाहेर एक बगळा होता, अर्धा तास एका पायावर), आणि खाली लिहायला एक रिकामी चौकट मात्र ठेवली. मग काय, माणसं पस्तावू लागली. सुतळीसुद्धा विकत न घेतलेली माणसं! एकाला होडी विकल्याचं दुःख. एका आजीबाईंनी एकोणीसशे एकसष्टच्या जत्रेत कुणाला तरी नाचायला नाही म्हटलं होतं. कायदा म्हणजे कायदा, मी प्रत्येकाला चोवीस तासांत कळवलं : आपला पश्चात्ताप नोंदला गेला आहे, क्रमांक सतरा. आजीबाईंचं उत्तर आलं, कितीतरी वर्षांनी गाढ झोप लागली म्हणून. सांग मावशी, अशा वेळी पोंचो खपतात की नाही याकडे कोण बघतं?

एक खपला. काकांचा.

फोटोपुरता लटकवला होता गं खिडकीत. वारा शिरला की आत काका असल्यासारखा फुगायचा. किंमत रिकामी ठेवली तर पान पुढे सरकेना, म्हणून हाताला लागला तो आकडा टाकला. दक्षिणेतल्या एका शाळेच्या बाईंनी घेतला. मी पळत सुलेमाबाईंकडे. "किंमत लावून दाखवलंस ना? मग द्यावंच लागेल."

"पण मी पस्तावलोय!"

"विकणाऱ्यानं विकायच्या आधी पस्तावायचं. पुढचा!"

पाठवला. पोचल्याचं कळलं, तेव्हापासून दिवस मोजत बसलोय. शाळेच्या बाईंना सहा पत्रं लिहिली, सहाही नदीत सोडली; काय तोंडानं मागायचा? आज नववा दिवस. कालपासून चौकटीत एकच पश्चात्ताप आलाय, कुणाच्या तरी टकलाबद्दल. रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र फाडू नकोस, मागच्या बाजूला बगळा काढलाय.

तुझा,
अन्सेल्मो

ता. क. पाकीट चिकटवताना बटण वाजलं. शाळेच्या बाईच! लिहितात, पोंचो उबदार आहे, पण रोज स्वप्नात एक मिशीवाला येऊन विचारतो, "माझं खेचर कुठे बांधलंय?" शेवटी वैतागून त्या परत पाठवतायत. (काकांना माझा नमस्कार सांग.)

दुसरा ता. क. दुकानाचा कायमचा पत्ता पानावर द्यावाच लागतो. माझा कायमचा पत्ता कुठला? तुझाच दिलाय. तेव्हा पोंचो थेट तुझ्या दारात येईल. पोस्टमन पांढऱ्या पाकिटातली कचेरीची नोटीसही देईल, ती उघडू नकोस.

तिसरा ता. क. क्रमांक चौसष्टसाठी बटण मी स्वतः दाबलंय. तुझ्या घरातून निघाल्याला दहा दिवस कधीच उलटून गेलेत, माल वापरलेला आहे, पण मागाची पट्टी बांधून देईल. परत घेशील का? कारण विचारायचं नाही असा कायदा आहे. चोवीस तासांत कळव.