चौकोनी बाबा

हाआपाई बेटं,
ईस्टरनंतरचा मंगळवार

प्रिय मानासे,

आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. तेव्हा हे पत्र जेवून झाल्यावर वाच, आणि वाचताना फेलेतीला शेजारी बसवू नकोस. संत्र्यांच्या तोडणीसाठी तो तिकडे ऑस्ट्रेलियात येतोय, म्हणून त्याच्याच हाती देतेय. टपालाचा भरवसा नाही आणि फोनचा तर मुळीच नाही. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू "हो ताई, बरं ताई" करतोस, "आईकडे दे" म्हणतोस, आणि मग करायचं तेच करतोस. मोठी बहीण खोलीत आली की भावानं उठून बाहेर जावं, तिच्याशी मोकळं बोलू नये, ही आपली रीत मला मान्य आहे. पण त्या रीतीच्या आड दडून बसायचं तुला कुणी शिकवलं? आता पत्र हातात आहे, तर बस आणि वाच.

माझी बालवाडी कशी चाललीय म्हणून विचारशील, तर नको विचारूस. चर्चच्या हॉलमध्ये वर्ग भरतो, म्हणून हॉलच्या किल्लीबरोबर माझ्या डोक्याचीही किल्ली आपल्याच कमरेला आहे, असं पाळकीणबाईंना वाटतं. यंदा फाका मेला, मे महिन्यातल्या मुलांच्या रविवारी, माझ्या चिल्ल्यापिल्ल्यांनी पांढरे कपडे घालून चर्चमध्ये उभं राहायचं आणि "त्रिकोणाला बाजू तीन, चौकोनाला बाजू चार" असं खणखणीत म्हणून दाखवायचं, असा त्यांचा हुकूम. मी म्हटलं, बाई, म्हणतील हो, पोपटही म्हणेल. पण हातात त्रिकोण दिला तर ओळखतील का? आणि त्यांच्यासमोरच पुठ्ठ्याचा त्रिकोण टोक खाली करून धरला. सगळा वर्ग ओरडला, "हा त्रिकोण नाही, हा पडला!" मला वाटलं, आता तरी बाईंच्या डोक्यात उजेड पडेल. तर म्हणतात कशा, "मग सुलटा धरा की!" मी हात टेकले.

पण मी ऐकणारी आहे का? दुसऱ्या दिवशी मुलांना अंगणात नेलं. झावळीचे हीर सोलून त्यांच्या काड्या केल्या आणि कच्च्या पपईचे तुकडे केले. पपईत काडी खुपसायची, पुढच्या काडीला पुढचा तुकडा, की झाला त्रिकोण, झाला चौकोन. मग म्हटलं, आता दाबून बघा. चौकोन लगेच कलंडले, तिरके झाले, आडवे पडले. त्रिकोण काही केल्या हलेना. मुलांना कोण आनंद! एकीनं तर कलंडणाऱ्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आपणहून तिरकी काडी घातली, आणि चौकोन जागच्या जागी ताठ. माझ्या अंगावर काटा आला, मानासे. वादळात आपलं छप्पर ज्या तिरक्या वाशानं तगलं, तो वाशाचा धडा ह्या नाक गळणाऱ्या पोरीनं स्वतःच्या हातानं शोधला! मी पाळकीणबाईंना बोलवायला धावले. परत येते तो काय, त्यांच्याच डुकरिणीनं पिल्लांसकट सगळी भूमिती फस्त केलेली. पपईचा एक तुकडा शिल्लक नाही, काड्या चिखलात आणि मुलं टाळ्या पिटतायत. बाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "लेसिएली, यातून नेमकं काय शिकली मुलं?" मी मनात म्हटलं, डुकरं चर्चवाल्यांची असली तरी डुकरंच, एवढं शिकली.

हे सगळं तुला का सांगतेय? सांगतेय, कारण यापुढचं सांगायला जीभ रेटत नाही. तू दम धर.

गेल्या आठवड्यात मी नवा खेळ काढला. बिस्किटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून गोल, त्रिकोण, चौकोन, आयत असा ढीग घातला आणि म्हटलं, यातून आपापल्या घरची माणसं तयार करा. तुझी लेक फाने तर आकारांत पटाईत. तिनं आजी केली ती गोलावर गोल, गोलावर गोल. म्हणाली, "आजी बसली की गोलच असते." मला केलं त्रिकोण. मी विचारलं, का गं? तर म्हणे, "आत्याला वर टोक आहे. ती ओरडते तेव्हा दिसतं." वर्ग खो खो हसला. मीही हसले, काय करते! तिच्या आईसाठी, हिनासाठी मात्र तिनं ढिगातलं काहीच घेतलं नाही. बाहेर गेली, मूठभर पांढरी वाळू आणली आणि डिंक लावून पुठ्ठ्यावर एक लहानसा उंचवटा केला, आपण थडग्यावर घालतो तसा. आईला ती तिथंच भेटते, दर रविवारी फुलं घेऊन.

आणि तू? तुझ्यासाठी तिनं एक आयत उचलला, उभा, आणि वरच्या कोपऱ्यात चिकटवून टाकला. बस्स. झालास तू. मी म्हटलं, फाने, अगं बाबाचे हात-पाय कुठेत? तर म्हणते, "नसतात." म्हटलं, माणसाला हात-पाय नसतात होय? "बाबाला नसतात. तोंड असतं. मधेच अडकतं, मग आजी फोन हलवते." मी जरा चिडूनच म्हटलं, असा कुठे माणूस असतो का? तर मागून एक म्हणाला, "माझा बाबापण तसाच आहे." आणि त्याच्या शेजारची म्हणाली, "माझ्या बाबाचा तर कोपरा फुटलाय." खरं सांगते, मानासे, मी पुठ्ठे बघत फिरले. ज्यांचे ज्यांचे बाप तिकडे द्राक्षं तोडायला गेलेत, त्या सगळ्यांनी आयतच लावले होते. एकमेकांचं बघून नव्हे, आपापल्या मनानं.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मास्तरीण ना मी! तुझ्या लेकीचा हट्टही तुझ्यासारखाच, मग मला कसला धीर? पुठ्ठे संपले होते. मी म्हटलं, घरून काहीतरी कापून आण, बाबाला हात-पाय लाव, नाहीतर तुझं घर अर्धवट राहील. एवढंच बोलले मी. बोलण्याआधी जीभ चावली असती तर बरं झालं असतं.

सकाळी फाने आली ती चार पट्ट्या छातीशी धरून. तांबूस, कडेला काळी नक्षी, त्रिकोणाला टेकलेले त्रिकोण. मी बघितलं आणि लगेच ओळखलं. आईच्या गादीखालचं न्गातूचं कापड! घरात दुसरं आहेच कुठलं? चांगलं होतं ते तिनं हिनाच्या मातीच्या वेळी अंगावरचं काढून द्यावं तसं दिलं. मग या वयात, दुखऱ्या खांद्यानं, पुन्हा बायकांत बसून तुतीच्या साली कुटल्या, थर चिकटवले, नक्षी घासली, रंगवलं आणि गादीखाली घडी करून ठेवलं. स्वतःच्या शेवटच्या दिवसासाठी. त्यावर झोपते ती रोज. आणि तुझ्या कन्येनं खालून हात घालून त्याला कात्री लावली. वाटणी करताना ज्या रेघेवर कापतात त्या रेघेवर तरी लावावी! छे, भर मधोमध.

वर्ग तसाच टाकून तिला हाताला धरून घरी पळवत नेलं. तोवर आईला कळलं होतं. न्गातू जमिनीवर पसरलेलं, मधे खिडक्या पडलेल्या आणि आई असा आवाज लावून बसलेली की शेजारची कुत्रीसुद्धा गप्प झाली. "उद्या मेले मी, तर या भोकांतून खाली पडू का? कुणी सांगितलं हे कापायला?" फानेनं सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "आत्यानं." मग काय, तोफ माझ्याकडे वळली. शिकवते म्हणे, दगड शिकवते, पपया डुकरांना घालते, आता म्हातारीचं कफन पोरांना खेळायला देते, असा माझा उद्धार झाला. शेवटी आई दमली आणि तिनं फानेला विचारलं, "पण कशाला गं हवं होतं तुला?" फाने म्हणाली, "बाबाचे हात-पाय करायला. बाबाला नाहीत ना."

आईनं त्या पट्ट्या हातात घेतल्या, मांडीवर ठेवल्या, उलटसुलट केल्या. मग म्हणाली, "हे पाय? एवढे काटकुळे? माझ्या मानासेचे? याच्यावर तो उभा तरी राहील का?" आणि फानेच्या हातातली कात्री घेऊन तिनं स्वतः न्गातूला पुन्हा कात्री लावली. मी "आई, आई" करत राहिले, पण ती कुठली ऐकतेय! चांगले रुंद पाय कापले तिनं. टाच कापली. डावा अंगठा बाहेर वळलेला कापला, लहानपणी नारळ पडून तुझा वळला होता तसा. कापताना डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंडानं शिव्या चालूच, तुला, मला, द्राक्षांना, सगळ्यांना.

आता तुझ्या वाट्याचं ऐक. रविवारी तू आईला फोनवर सांगितलंस की द्राक्षं संपली, आता संत्री आहेत, संत्र्यांनंतरही काहीतरी मिळेल, तेव्हा फाका मेला यायला जमणार नाही. मला सांगितलं नाहीस. आईनंही लपवलं. मला सांगितलं फानेनं, तेही सहज, "बाबा आता संत्र्यांत आहे" म्हणून. मला संत्र्यांचं कौतुक सांगू नकोस. पैसे नकोत असं मी म्हणत नाही. छप्पर झालं, टाकी झाली, सगळं तुझ्या कष्टाचं आहे, ते आम्ही विसरलेलो नाही. पण तू संत्र्यांसाठी राहत नाहीस, मानासे. हिना नसलेल्या घरात पाय टाकायची तुला भीती वाटते. मलाही वाटते रे. तिची चटई अजून दारामागे गुंडाळलेली आहे, आई ती हलवू देत नाही. पण फाने रोज त्या दारातून आत-बाहेर करते. ती पाच वर्षांची पोर करते, तर तुला का जमू नये?

तुला आठवत असेल, आत्याचा मान म्हणजे काय ते. भावाच्या घरातलं मला हवं ते मी उचलून न्यावं आणि कुणी चकार शब्द काढू नये. इतकी वर्षं मी तुझं एक डुक्करही नेलेलं नाही, रताळ्याचा वेलही तोडलेला नाही. आज पहिल्यांदा मागतेय, आणि विनवत नाही, हक्कानं मागतेय. मला तुझ्या घरातला तूच हवास, फाका मेच्या आधी. पाळकीणबाईंशी मी तडजोड केलीय. मुलं "बाजू तीन, बाजू चार" म्हणतील, पण आधी आपापली घरं सगळ्यांसमोर धरून दाखवतील. फानेनं तिच्या आयताला दोन्ही हात चिकटवलेत, चांगले पसरून. पाय मात्र चिकटवेना. मी म्हटलं, लाव की गं आता, आजीनं एवढे कापून दिले. तर माझ्याकडे असं बघितलं जणू मीच वर्गातली सगळ्यात मठ्ठ मुलगी. म्हणाली, "आत्या, पाय इथं ठेवले तर बाबा येणार कसा?" म्हणून तिनं ते स्वतः घडी घालून मला दिले. याच पाकिटात आहेत, नीट बघ, डाव्याचा अंगठा दुमडू नकोस. विमानानं ये नाहीतर बोटीनं ये, पण उतरशील तिथून घरापर्यंत चालत ये. हात तिनं ठेवून घेतलेत.

तुझीच, टोक असलेली,
लेसिएली ताई